तो कोकमाचा रंग नव्हता

हे मी रागाच्या भरात लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. ‘आजाराने मला जगायला शिकवलं’ असलं काही तुम्हाला यात सापडणार नाही. आजाराने मला काडीचंही शिकवलं नाही. उन्हात पाणी प्यावं आणि तब्येत बिघडली की डॉक्टरकडे जावं, एवढं मला इयत्ता तिसरीपासून ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं, त्याची ही हकीकत आहे. ज्यांच्या किडन्या अचानक संपावर गेल्यात आणि ज्यांच्या पलंगाभोवती सफरचंदं घेऊन नातेवाईक जमलेत, त्यांनी ती जरूर वाचावी. नातेवाइकांनीही वाचायला हरकत नाही, फक्त सफरचंदं घरी ठेवून.

कोणी सांगितलं होतं?

हा प्रश्न मला जेवढ्या लोकांनी विचारला, तेवढ्या लोकांनी ‘कसा आहेस’ हेसुद्धा विचारलं नाही. उत्तर लिहून ठेवतो: कोणीही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडाने माझा घात केला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईतल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मी पर्चेस मॅनेजर होतो. अल मनखूलमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट, बायको सुनंदा, दहा वर्षांची मुलगी ऋचा, आणि शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर कायम ताण देणारं पोट. आमचा जनरल मॅनेजर गॅरी नावाचा इंग्रज. त्याला ट्रायथलॉनचं वेड. म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल हाणायची आणि मग उरलेला जीव घेऊन पळायचं. दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला खाडी आणि वाळवंट मिळून अशी एक शर्यत होणार होती आणि गॅरीला कंपनीच्या नावाचे टी-शर्ट घातलेली माणसं हवी होती.

जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, “पर्चेसमधून कोणी आहे का?” सगळे माझ्या पोटाकडे बघून हसले.

मी म्हटलं, “मी सांगलीचा आहे. पुराच्या कृष्णेत पोहलोय.”

ते खरं होतं. फक्त त्या वेळी मी तेरा वर्षांचा होतो आणि प्रवाह नेईल तिकडे जात होतो, एवढं सांगायचं राहून गेलं. गॅरीने टेबलावर हात आपटला, “गुड मॅन!” आणि माझं नाव लिहिलं. घरी येऊन सुनंदाला सांगितलं, तेव्हा तिने एंट्री फीचे दिरहम तिथल्या तिथे रुपयांत केले आणि म्हणाली, “अहो, एवढ्या पैशात सांगलीला जाऊन आला असतात. तिथली कृष्णा फुकट आहे.”

शर्यत

शर्यत खरं तर थंडीत ठरली होती. कसली तरी परवानगी आली नाही म्हणून ती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि शेवटी मे महिन्यात एका शुक्रवारी उभी राहिली. तारीख पुढे गेली, अंतर मात्र तेवढंच राहिलं. मे महिन्यात आखातात माणूस गाडीतून उतरून दुकानात शिरेपर्यंत उकडून निघतो. तिथे आम्ही टोप्या घालून उभे होतो, आणि आयोजकांचा माणूस भोंग्यावरून ‘चॅलेंज, चॅलेंज’ करत होता. त्याच्या मागे त्याच्यासाठी पंखा लावलेला होता.

पोहण्याबद्दल फार सांगत नाही. कृष्णेचं पाणी मेहेरबान असतं, खाडीचं नसतं. मी पोहलो त्यापेक्षा प्यायलो जास्त. सायकल गॅरीची जुनी होती. त्याचे पाय माझ्यापेक्षा वीतभर लांब, त्यामुळे मी सायकल चालवत नव्हतो, तिच्यावरून वाकून पलीकडे बघत होतो. गुडघा आधीपासून दुखत होता म्हणून ऑफिसमधल्या एकाने दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या मी सकाळपासून चण्याफुटाण्यासारख्या खात होतो. हे वाक्य लक्षात ठेवा. डॉक्टरांनी पुढे ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पळायचा भाग वाळूत होता. पळणं वगैरे मी केव्हाच सोडलं होतं. पाय उचलून पुढे टाकत होतो आणि वाळू तो परत मागे देत होती. अंगाचा घाम बंद झाला होता. मला वाटलं, शरीर सरावलं.

मधल्या पाण्याच्या टेबलाकडे पोचलो तेव्हा दोन माणसं ते टेबल घडी करून पिकअपमध्ये चढवत होती.

“भाई, पानी?”

“खलास, साब. प्राइज का टाइम हो गया.”

पिकअपमध्ये पाण्याचे बॉक्स मला स्वच्छ दिसत होते. मी बोट दाखवलं.

“वो? वो टेंट का है. व्हीआयपी का.”

त्या दोघांवर माझा राग नाही. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. राग आहे तो ज्याने कागदावर ठरवलं की पाणी पहिल्या आलेल्यांसाठी असतं, त्याच्यावर. पहिले येणारे लवकर येतात, त्यांना पाणी कमी लागतं. वाळूत सगळ्यात जास्त वेळ असतो तो शेवटचा गडी. शर्यत ठेवायची तर तिचा आराखडा शेवटच्या माणसाकडे बघून करायचा, एवढी अक्कल गावच्या जत्रेतली कुस्ती भरवणाऱ्यालाही असते.

आणि मी काय केलं? तिथे बसायला हवं होतं. आडवं पडून आरडाओरडा करायला हवा होता. मी त्यांना ‘थँक्यू’ म्हटलं आणि पुढे चालू लागलो! का, तर छातीवर कंपनीचं नाव होतं.

शेवटी पोचलो तेव्हा फिनिशचा बॅनर एका बाजूने सोडलेला होता. मी वाकून त्याच्याखालून आलो. गॅरीने पाठीवर थाप मारली, गळ्यात पदक अडकवलं. मी त्याच्या बुटांवर ओकलो. त्या दिवसातलं तेवढं एकच काम मला पुन्हा करायला आवडेल.

कोकम

आता लाजेचा भाग.

घरी आलो तो अंगात ताप, मांड्या दगडासारख्या. सुनंदाने एका नजरेत निदान केलं, “ऊन लागलंय.” समोरच्या फ्लॅटमधल्या लेले काकूंनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तळपायांना कांदा चोळला गेला. आणि सुरू झालं कोकम सरबत. सुनंदाचं माहेर गुहागरचं. दर सुट्टीत आमच्या बॅगेत कपडे कमी आणि कोकम आगळाच्या बाटल्या जास्त असतात. जग भरून सरबत, वर जिरेपूड. मी ग्लासामागून ग्लास रिचवत होतो.

संध्याकाळी लघवीला गेलो. रंग पाहिला. गडद, लालसर तपकिरी.

मी बाहेर येऊन शांतपणे सांगितलं, “सुनंदा, कोकम उतरलं.”

कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही! आमच्या दारात उभं राहून यावर रीतसर चर्चा झाली. लेले काकू म्हणाल्या, “आमच्या ह्यांना बीट खाल्लं की अस्संच होतं.” लेले काका म्हणाले, “उष्णता बाहेर पडतेय. पडू दे, अडवू नका.” ऋचा बाथरूममधून नाक धरून बाहेर आली. “यक, बाबा! यू डिडन्ट फ्लश. इट लुक्स लाइक कोक.” मी तिला फ्लश न केल्याबद्दल सॉरी म्हटलं. गुडघ्यासाठी आणखी दोन गोळ्या घेतल्या आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी लघवी अगदी थोडी झाली, आणखी काळी. मग झालीच नाही. मी काय समजलो असेन? उष्णता संपली! मी सुनंदाला म्हटलं, “बघ, थांबलं सगळं.” पर्चेसमध्ये इतकी वर्षं घालवलेला माणूस मी. एवढा माल आत येतोय आणि बाहेर काहीच जात नाही, तर गोडाऊनमध्ये काहीतरी गडबड आहे, हे मला कळायला नको?

तिसऱ्या सकाळी ऑफिसला निघालो आणि पाय बुटात जाईनात. चेहरा सुजला होता. जिना उतरताना धाप लागली.  सुनंदाने माझ्या हातातले बूट काढून घेतले, पायात स्लिपर सरकवल्या आणि टॅक्सी थांबवली. रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

इन्शाल्ला

सरकारी हॉस्पिटलमधले किडनीचे डॉक्टर सुदानी होते. उंच, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, शेवटची लघवी कधी? मी हिशोब सांगितला. रंग?

“कोकम,” मी म्हटलं.

“व्हॉट इज कोकम?”

मल्याळी सिस्टर मदतीला धावली, “डॉक्टर, आंबट असतं. फिश करीत घालतात.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही फिश करी प्यायलात?”

त्यानंतर मात्र कोणी हसलं नाही. रक्त गेलं, रिपोर्ट आले, आणि डॉक्टर स्टूल ओढून बसले. डॉक्टर उभ्याने बोलत असतात तोवर ठीक असतं. स्टूल ओढलं की समजावं. ते म्हणाले, उन्हाने आणि श्रमाने तुमचे स्नायू फुटले. त्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरलं आणि किडन्यांत जाऊन तुंबलं. पाणी नव्हतं, वर त्या गोळ्या. किडन्या बंद आहेत.

म्हणजे तो रंग कोकमाचा नव्हता. मी माझ्या मांड्या फ्लश करत होतो.

“परत चालू होतील?” मी विचारलं.

“इन्शाल्ला,” डॉक्टर म्हणाले.

म्हणजे अल्लाच्या मनात असेल तर. हा शब्द वाईट नाही, आणि ते तो मनापासून म्हणाले हेही मला कळलं. पण मी पर्चेसचा माणूस. सप्लायर ‘माल उद्या, इन्शाल्ला’ म्हणाला की मी फोन ठेवतो आणि दुसरा सप्लायर शोधतो. त्या दिवशी माझ्याकडे दुसरा सप्लायर नव्हता. चालू झाल्या तर झाल्या. नाही झाल्या तर आयुष्यभर मशीन. मशीनला बांधलेल्या माणसाला कोणती कंपनी व्हिसा देणार? ऋचाची शाळा, फ्लॅट, सगळं त्या दोन मुठीएवढ्या किडन्यांवर टांगलं होतं.

सुनंदा कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा बोलली. भिंतीकडे बघून. “मी ग्लास भरत होते, तुम्ही रिकामा करत होतात. मला वाटलं, बरं वाटतंय.”

 तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

पाणी

डायलिसिसबद्दल पुस्तकं आहेत, ती वाचा. मी फक्त तहानेबद्दल सांगतो, कारण तिच्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. किडन्या बंद म्हणजे पाणी बाहेर जात नाही, म्हणून आत घ्यायचं नाही. दिवसाला मोजून कपभर, त्यात औषधंही गिळायची. आधी वाळूत पाणी मिळालं नाही, मग घरी बदाबदा ओतलं, आणि आता पाणी समोर असून बंदी. सिस्टरने बर्फाचा एक तुकडा जिभेवर ठेवला तर मी तिला मनातल्या मनात सगळी इस्टेट लिहून द्यायचो.

शेजारच्या कॉटवर दत्ताराम होता. संगमेश्वरकडचा, तिशीचा, साइटवर सळई बांधणारा. छतावर काम करताना उन्हात कोसळला, मला झालं तेच त्याला झालं. मशीनही आम्हा दोघांत एकच, आळीपाळीने. पहिल्याच दिवशी त्याने माझी चौकशी केली.

“साहेब, तुमी कुठल्या साइटवर?”

मी शर्यतीचं सांगितलं. त्याला ते पटकन समजेना. मी पुन्हा सांगितलं.

“म्हंजे तुमी सोताचे पैसे भरून उन्नात गेलात?”

“हो.”

“कोन मुकादम नव्हता मागं?”

“नाही.”

तो इतका हसला की त्याच्या हाताची सुई सरकली आणि सिस्टर धावत आली. पुढचे दोन दिवस वॉर्डात जो येईल त्याला, पठाण सफाईवाल्यापासून सुदानी डॉक्टरपर्यंत, तो हिंदीत सांगायचा, “ये साब शौक से बीमार पडा.”

दत्ताराम म्हणजे फार सोशीक, गरीब गाय वगैरे समजू नका. पत्त्यांत लबाडी करायचा, माझ्या ताटातलं बिस्किट उचलायचा आणि सिस्टरला स्वतःचं लग्न झालेलं नाही असं खोटंच सांगायचा. पण बर्फाचा तुकडा मिळाला की आधी विचारायचा, “तुमाला दिला काय?”

शहाळं

दुबईतल्या मराठी माणसांत एक अलिखित नियम आहे: आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. नेमकी फळं आणि शहाळी. आणि बंद किडनीला नेमकं तेच विष. त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि सरळ हृदयावर जातं. सिस्टरने दारावर कागद लावला. लोकांनी तो वाचला, ‘हो का, अरे बापरे’ म्हटलं आणि पिशवी कॉटखाली सरकवली.

एक गृहस्थ, नाव घेत नाही, शहाळ्याचं पाणी थर्मासमधून घेऊन आले. डोळा मारून म्हणाले, “ह्या नर्सेसना काय कळतं? शहाळं म्हणजे अमृत. किडनी धुऊन निघते.”

सुनंदा खाली औषधं आणायला गेली होती. दत्ताराम मशीनवर होता. आणि मला तहान होती. मला कळत होतं, शंभर टक्के कळत होतं. मी प्यायलो. थर्मासचं झाकण चाटून पुसून प्यायलो.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. छातीत कबुतर शिरल्यासारखी फडफड. मॉनिटरची शिट्टी. दत्तारामला मध्येच मशीनवरून सोडवलं आणि मला लावलं. शुद्धीवर आलो तेव्हा त्या गृहस्थांचा आवाज येत होता, “मी आपलं चांगल्यासाठीच...”

आणि मग सुनंदाचा आवाज. पंधरा वर्षांच्या संसारात तो मी ऐकलेला नव्हता. “तुमचं चांगलं तुमच्या घरी ठेवा. परत आलात तर तो थर्मास डोक्यात घालीन.”

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता मायेने काही बोलेल.

“आणि तुम्ही! तुम्ही काय कुक्कुलं बाळ आहात? पुढे केलं की प्यायचं?”

शेजारून दत्ताराम क्षीण आवाजात म्हणाला, “वयनी, माजी पाळी पन खाल्ली त्यांनी. ते पन सांगा.”

बायकोने बघायला नको?

सगळ्यात जास्त राग मला कशाचा आला, ते आता सांगतो.

सांगलीहून आईचा फोन आला, सुनंदाने घेतला. तिचा चेहरा बघून मी विचारलं, काय म्हणाली? काही नाही म्हणाली. मग दुसऱ्या एका बाई भेटायला आल्या आणि माझ्यासमोरच तिला म्हणाल्या, “पण रंग बघून तुला शंका नाही आली?” तिसऱ्याने लाडिकपणे, “वहिनींचं कोकम भलतंच जहाल निघालं हं!” त्यावर सगळे हसले. मीही हसलो, सवयीने. सुनंदा डबा धुवायला गेली.

ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, “तुमच्या आईंनी विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं? सगळे तेच विचारतात. कोणी म्हणून विचारत नाही की त्याला अक्कल होती का.”

शर्यतीला मी गेलो. गोळ्या मी गिळल्या. लघवी माझी. ‘कोकम उतरलं’ हे वाक्य माझं. बेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि जाब कोणाला? बायकोला! कारण नवरा म्हणजे गॅसवर ठेवलेलं दूध. उतू गेला तर तिने बघायला हवं होतं.

मी सिस्टरला फोन ओढून आणायला लावला. आंतरराष्ट्रीय कॉल, मिनिटामिनिटाला मीटर पळतोय. आईला म्हटलं, “आई, मी स्वतःच्या मूर्खपणाने आजारी पडलोय. सुनंदाने मला इथे आणलं म्हणून जिवंत आहे. तिला परत काही बोललीस तर मी फोन घेणार नाही.”

 आई म्हणाली, “लहानपणापासून तू असाच. पाणी कधी मागून प्यायला नाहीस.” आणि रडायला लागली. मग मीही. मीटर पळत राहिला.

दत्ताराम जिंकला

आम्ही दोघे रोज सकाळी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. कॉटखाली प्रत्येकाचं मापाचं भांडं होतं. दत्तारामने त्याचीही पैज लावली होती, ज्याचं आधी भरेल त्याला दुसऱ्याने पायसम खिलवायचं.

त्याचं आधी भरलं. एका सकाळी तो ओरडला, “सिस्टर! साहेब! आला, आला!” जणू घरी पोरगा झाला. भांडं उंच धरून त्याने मला दाखवलं. सगळा वॉर्ड टाळ्या वाजवत होता.

मी भिंतीकडे तोंड केलं. लपवत नाही, मला त्याचा राग आला. मनात आलं, मला कुटुंब आहे, हप्ते आहेत, मुलगी आहे, ह्याचं आधी का? जणू काही त्याच्या गावी कोणी नव्हतं. त्याला दोन मुली होत्या, दोघींचे फोटो उशीखाली होते, मी पाहिले होते. तरीही. आजारी माणूस मनाने मोठा होतो असं लिहिणाऱ्यांना मला एकदा भेटायचं आहे. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या कॉटवर पत्ते टाकले, “बस झाला रुसवा. पिसा.”

माझ्या किडन्या जाग्या झाल्या तेव्हा भेटीची वेळ होती आणि समोर गॅरी उभा होता. तो कंपनीच्या मासिकासाठी फोटोग्राफर घेऊन आला होता. ‘फिनिशर’ असं मथळ्यात टाकायचं होतं. मी पदक गळ्यात घालून हसायचं होतं. तेवढ्यात मला ती जाणीव झाली, कितीतरी दिवसांत न झालेली. मी किंचाळलो, “आउट! ऑल ऑफ यू, आउट!” गॅरीला वाटलं मी रागावलोय. रागावलोच होतो, पण ते कारण नव्हतं.

सुनंदाने पडदा ओढला. अगदी थोडी झाली, चार चमचे. ती भांडं हातात घेऊन बघत उभी राहिली आणि तिने पडद्यातून डोकं बाहेर काढून सांगितलं, “भाऊजी, झाली!” पलीकडून दत्तारामने शिट्टी मारली. मग ती माझ्या कॉटच्या कडेला बसली आणि माझ्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली. लागली चांगलीच. हॉस्पिटलमधला तो माझा सगळ्यात सुखाचा क्षण होता.

जाताना

तुम्ही या रोगात असाल तर एवढंच सांगतो. लघवीचा रंग बदलला तर शेजाऱ्यांची बैठक बोलावू नका, हॉस्पिटलला जा. दुखण्याच्या गोळ्या उन्हात खाऊ नका. भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या दारातच तपासा. आणि तुमच्या आजाराचा जाब दुसऱ्या कोणाला विचारला जात असेल, तर अंगात ताकद नसली तरी उठून बसा आणि ओरडा.

आम्हा दोघांना थोड्या दिवसांच्या अंतराने घरी सोडलं. सुदानी डॉक्टरांनी जाताना दोघांना एकत्रच समजावलं, स्टूल न ओढता. म्हणाले, किडन्या परत आल्या, अल्लाची कृपा. पण पुन्हा अशा उन्हात श्रम करायचे नाहीत. दुसऱ्यांदा येतीलच असं नाही.

मी म्हटलं, “डॉक्टर, शर्यतीचं नावसुद्धा काढणार नाही.” सोपं होतं. एक टी-शर्ट कमी.

दत्तारामने मला कोपराने ढोसलं. मग मला म्हणाला, “साहेब, ह्यांना विचारा, मग मी काय करू?”

मी भाषांतर केलं. डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग कागदावर ‘लाइट ड्यूटी’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

मी गॅरीला गाठलं. म्हटलं, आमच्या स्टोअरमध्ये एसीत एक माणूस लागतोच, ह्याला घे. नंतर एकदाचा मासिकाला फोटो दिला होता, त्याची किंमत वसूल करत होतो. गॅरी तयार झाला. पण दत्तारामच्या कंपनीने एनओसी, म्हणजे नोकरी बदलायची परवानगी, दिली नाही. एनओसीशिवाय सोडलं तर बॅन लागून थेट गावी. मी त्यांच्या व्हिसाची कामं बघणाऱ्या पीआरओला चार फोन केले. चारही वेळा तो गोड बोलला, “इन्शाल्ला, हबीबी.”

जुलैमध्ये दत्तारामचा फोन आला. दुपारची वेळ, मुकादमाचा मोबाइल मागून घेतलाय म्हणाला. मागून काँक्रीट मिक्सरचा आवाज येत होता.

“साहेब, लाइट ड्यूटी भेटली!”

“अरे वा. काय काम?”

“सळई उचलायची नाय, बांधायची नाय. एकदम लाइट.”

“मग?”

“दुसरे बांधतात, मी मोजायची. छतावर हुबा राहून.”

तो हसत होता. मी एसीमध्ये बसून रिसीव्हर कानाला धरून होतो आणि मला हसता येईना. मी विचारलं, पाणी आहे का वर? तो म्हणाला, आहे की, खाली. शिडी उतरून जायचं.

“मग उतर,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. केबिनबाहेरची माणसं वळून बघायला लागली. “आत्ता उतर. मोजणी गेली खड्ड्यात. उतर आणि पी. मी फोनवर थांबतो.”

“साहेब, मुकादम—”

“दे त्याला. फोन त्याला दे.”